राणीच्या नावाचं घर

"मग नाव कोणत्या बाईचं लिहू?" ग्रामसेवकाने विचारलं.

अंगणात तिघंही होती. पुंडलिक खाटेवर बसलेला, थोरली बायको जनी खांबाला टेकलेली, आणि धाकटी राणी दाराआड अर्धी. कासूजवळच्या त्या खाडीकाठच्या गावाला त्या वर्षी मोजकीच सरकारी घरकुलं मंजूर झाली होती. त्यातलं एक पुंडलिकच्या वाट्याला आलं होतं. ज्याच्याकडे कधीच पक्कं घर नव्हतं त्यालाच ते मिळायचं, आणि तेही एकदाच. त्यासाठी पेणच्या पंचायत समितीत खेपा घालून जनीच्या चपला झिजल्या होत्या. साहेब जेवायला गेलेत, साहेब मीटिंगला गेलेत, हे ऐकत ती कचेरीच्या पायरीवर बसून राहायची. पुंडलिक मिठागरावर जायचा. त्याला वेळ नसायचा.

"घर बाईच्या नावावर करायचं, असा नियम आहे," ग्रामसेवक म्हणाला. "नाहीतर नवरा-बायको दोघांच्या. जनीबाई लग्नाची. तुमचं दोघांचं घालतो."

पुंडलिक काही बोलायच्या आत जनी म्हणाली, "माझं नको, भाऊसाहेब. राणीचं घाला."

ग्रामसेवकाने चष्मा वर केला. "राणीचं लग्न कुठे नोंदलेलं नाही. ती एकटी बाई म्हणून लागेल. मग पुंडलिकचं नाव नाही येणार."

"नाव तिचं आसंल," पुंडलिक म्हणाला. "घर माजंच ना." तो जनीकडे बघून हसला. राणीला आणल्यापासून जनी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आज ती वाकली, असं त्याला वाटलं.

"जनीबाई, नीट विचार करा," ग्रामसेवक म्हणाला.

"माझे आता किती दिवस ऱ्हायले. पोरीला जगायचंय."

राणी दाराआडून आत निघून गेली.

ती नागोठण्याच्या बाजूची. पहिली बायको वारली, असं सांगून पुंडलिकने तिला आणली होती. गावात पाऊल ठेवलं तेव्हा वारलेली बायको दारात तांदूळ निवडत बसलेली तिने पाहिली. मागे जायला तिला माहेर उरलं नव्हतं. त्या दिवशी जनीने सूप बाजूला ठेवलं, तिला पाणी दिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. एवढंच.

दिवाळीनंतर बांधकाम सुरू झालं. घर ज्याचं त्यानेच बांधायचं होतं. गवंडी एकच, बाकी हात घरचे. मिठागर सुटलं की पुंडलिक येऊन देखरेख करायचा. चिरे वाहायचं आणि तळ्यावरून पाणी आणायचं काम दोघी बायका करायच्या. एकीमागे एक, डोक्यावर हंडा, तोंडातून शब्द नाही.

"जने, तू कशाला मरतेस गो?" तळ्यावर शेजारच्या कृष्णाबाईने विचारलं. "घर तर सवतीचं."

"बसून काय करू?" जनी म्हणाली आणि हंडा उचलला.

एकदा राणी कामावर आली तेव्हा तिचा दंड काळानिळा झाला होता. बांधावर पाय सरकला, असं तिने गवंड्याला सांगितलं. जनीने घरी जाऊन हळद गरम केली आणि लेप लावून दिला. पुंडलिक तेव्हा शेजारीच विडी ओढत होता.

होळीच्या सुमारास छप्पर चढलं. एक खोली, एक पडवी आणि बिनधुराची चूल. जुनं कुडाचं घर पुंडलिकने स्वतः मोडलं आणि कौलं विकून टाकली.

"खोली येकच हाय," तो जनीला म्हणाला. "तिघं कशी मावनार? तू अष्टमी गावाला भावांकडे जा."

जनी अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीत फुंकर घालत होती. धुराने तिचे डोळे भरले होते. "कधी जाऊ?"

"सत्यनारायण झाला की."

पूजेला गाव आलं. राणी चौरंगापुढे बसली, पुंडलिक तिच्या शेजारी. जनीने सगळ्यांना प्रसाद वाटला. कुणी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. रात्री ती पडवीत निजली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन लुगडी गाठोड्यात बांधली. राणी दारात रडत उभी होती. पुंडलिक तिच्यावर खेकसला, "गप ऱ्हा. मेलीय काय ती?"

जनी बांधावरून कासू स्टेशनाकडे निघाली. रोह्याची गाडी पकडायची होती. पाठ वाकलेली, पाय ओढत. बांध संपेपर्यंत पुंडलिक तिच्याकडे बघत राहिला. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याला म्हातारी दिसली. त्याला थोडं वाईटही वाटलं. मग तो मिठागरावर गेला. दिवसभर फावडं ओढताना पक्क्या घराचाच विचार त्याच्या मनात होता.

संध्याकाळी तो परतला तेव्हा पडवीत दोन माणसं चहा पीत बसली होती. जनीचे अष्टमीचे भाऊ. आत जनी भाकरी थापत होती.

"गाडी चुकली काय?" पुंडलिकने विचारलं.

"नाय. जाऊन आले," जनी म्हणाली. "ह्यांना आणायचं होतं."

पुंडलिकने उंबऱ्यावर पाय ठेवला. भाऊ उठून उभे राहिले. त्याने राणीकडे बघितलं. "राणे, काय चाललंय ह्ये? सांग हिला जायला."

राणीने कोपऱ्यातली त्याची वळकटी उचलली, जनीच्या बाजूने वळसा घालून पुढे आली आणि ती त्याच्या पायाशी ठेवली.

"बाय हितंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "घर माझं हाय. तुमी तुमची सोय बघा."