नक्की कुठून येतंय

“पुन्हा आंधळं झालं मेलं! पिल्लं बाहेर पडायची वेळ, आणि ह्याला झोप येते,” वहिनी भिंतीवरच्या पडद्याला बोटाने टोचत पुटपुटली. उबवणीच्या खोलीतले बिनतारी सेन्सर आतलं तापमान त्या पडद्यावर पाठवायचे. आत्ता निम्म्या चौकटी कोऱ्या होत्या.

“आज छडा लागला नाही तर सगळे सेन्सर काढून टाकतो,” दादा म्हणाला. “आत गरमी वाढली आणि भोंगा वाजलाच नाही, तर पिल्लं टरफलातच जातील. त्यापेक्षा मी थर्मामीटर घेऊन खुर्ची टाकून बसेन.”

धाकटीने पिशवीतून सिग्नल मोजायचा मीटर काढला. सेन्सरांच्या बोलण्यात कोण लुडबुड करतं ते हुडकणं हाच तिचा व्यवसाय. मोठमोठे कारखाने तिला तिकीट पाठवून बोलवायचे. माहेरी मात्र ती अजून धाकटीच होती.

तिने मीटरवर एकदाच नजर टाकली. “स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन नाही. ओव्हनचा सिग्नल धापा टाकत, तुटत तुटत येतो. हे दम न घेता चाललंय.”

“शेजारच्या गोदामातलं असेल,” वहिनी घाईने म्हणाली.

“नाहीतर मागच्या टॉवरचं,” दादा म्हणाला.

काचेपलीकडे, उबवणीच्या खोलीत, छताला एक कॅमेरा टांगलेला होता. तिकडे कुणीच मान वर करत नव्हतं.

तो आप्पांचा, दादा-धाकटीच्या वडिलांचा. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलेली ती एकच वस्तू. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला आतल्या खोलीत मज्जाव, म्हणून ते इथे ऑफिसच्या कोपऱ्यात छोट्या टीव्हीसमोर बसून पहिलं टरफल कधी तडकतं ते बघायचे. आल्यागेल्याला हाताला धरून दाखवायचे. “एक तार नाही मध्ये, शोधून दाखवा!”

मीटर छातीशी धरून धाकटी सावकाश गोल फिरली. काचेकडे पाठ झाली, आणि मीटरवरची रेघ धपकन खाली बसली. तिने मीटर बंद केला.

“काय?” दादाने विचारलं.

“नक्की सांगता येत नाही.”

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. आप्पांनी टीव्हीकडे पाठ केली.

“नक्की सांगता येत नाही? हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही.”

“आप्पा, सिग्नल भिंतींवर आपटतो, फसवतो कधीकधी...”

“फसवतो तर पुन्हा फीर. अंग मध्ये आलं की सिग्नल मरतो. फ्रॉकमध्ये होतीस तेव्हा कळत होतं, ट्रान्झिस्टर पोटाशी धरून अंगणभर फिरायचीस. आता पदव्या घेतल्यावर विसरलीस?”

धाकटी पुन्हा फिरली. रेघ पुन्हा तिथेच बसली.

“आता कुठून येतंय?”

“पाठीमागून.”

“पाठीमागे काय आहे?”

“आप्पा, चहा टाकू का?” वहिनी मध्येच म्हणाली.

“चहा कुठे पळून जात नाही. धाकटे, कारखानदारांपुढे असंच तोंडातल्या तोंडात बोलतेस? मोठ्याने सांग. दादालाही ऐकू जाऊ दे.”

दादा बुटाचं टोक निरखत होता. धाकटीने मान ताठ केली.

“तुमचा कॅमेरा आहे, आप्पा.”

आप्पांनी हात लांब करून टेबलाजवळचं कॅमेऱ्याचं बटण खाली केलं. टीव्हीवर मुंग्या आल्या. भिंतीवरच्या कोऱ्या चौकटींत एकेक आकडा उमटू लागला. त्यांनी त्यातलं काहीच बघितलं नाही. ते लेकीकडे बघत होते.

मग दादाकडे वळून, छाती काढून म्हणाले, “बघितलंस? दुसऱ्या कुणाला हे सापडलं नसतं.”