डाव्या हाताचा मळ

“हे ज्यानं केलं, तो डावखुरा होता,” डोळ्यावरचं भिंग न काढताच दुरुस्तीवाले काका म्हणाले.

ती हसली. तिचे वडील उजव्या हातानं जेवायचे, उजव्या हातानं सही करायचे, आणि चिडले की उजव्याच हातानं ठेवून द्यायचे. तिनं तसं सांगितलं. काकांनी हातभर लांबीचं ते वाफेचं इंजिन तिच्याकडे वळवलं. बॉयलरवरचा काळा रंग त्यांनी उतरवला होता. आतल्या पितळेवर कानशीचे केसासारखे ओरखडे होते, सगळे एकाच अंगाला कललेले. काकांनी एक पट्टी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली, उजव्या हातानं चार वेळा कानस मारली आणि शेजारी धरली. पट्टीवरचे ओरखडे दुसऱ्या अंगाला कलले होते.

“माणूस खोटं बोलेल, ताई. कानस नाही बोलत.”

वडील जाऊन सहा महिने झाले होते. ज्या कारखान्यात त्यांची हयात गेली, त्यानं हे इंजिन दर्शनी दालनात ठेवायला मागितलं होतं. दुरुस्त करून द्या आणि ते कुणी घडवलं हे जाणकाराकडून लिहून आणा, एवढीच अट. त्या कागदावरचं नाव पितळी पाटीवर कोरलं जाणार होतं. काकांनी बजावलं की नाव उद्या सांगा, पण घरी नीट विचारून सांगा. उगाच कुणाचंही नाव ते लिहिणार नाहीत. आणि बॉयलरवरचं टोपण हलायला तयार नाही, तेव्हा उद्या ते कापावं लागेल.

वाटभर ती धुमसत राहिली. या इंजिनानंच वडिलांना साध्या फिटरवरून फोरमन केलं होतं. घरी कुणी कौतुक केलं की ते मिशीत हसून म्हणायचे, “त्यात काय, आपल्या डाव्या हाताचा मळ.” पाहुणे हसायचे. आई रिकामे कप उचलून आत जायची. त्यातला एखादा हमखास फुटायचा. मग वडील पाहुण्यांना सांगायचे, घड्याळजीची लेक म्हणून करून आणली, पण हिला सुईत दोरा ओवता येत नाही. ते खरंच होतं. आईचा हात पहिल्यापासून जड. भाजी चिरली तरी एक फोड दुसरीसारखी नसायची.

घरी आई नातीला भरवत बसली होती. पोरीच्या डाव्या हातात मोजा चढवून मनगटाशी गाठ मारलेली होती. महिन्यापूर्वी पोरीनं लोण्याच्या सुरीनं कपाटाच्या दाराचे सगळे स्क्रू काढून ओळीनं मांडून ठेवले होते, डाव्या हातानं, वय वर्षं चार. दुसऱ्याच दिवशी आईनं मोजा आणून दिला. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, राहू दे. डॉक्टरही म्हणाले, राहू दे. पण पोरीची आई म्हणून तिच्या जिवाला धास्ती. सगळं जग उजव्यांचं, त्यात आपली पोर मागं पडली तर? रोज सकाळी ती स्वतः गाठ मारायची आणि रोज पोरीकडे बघायचं टाळायची.

तिनं आईला काकांचं डावखुऱ्याचं पुराण ऐकवलं. म्हातारा चळलाय, म्हणाली. आई घास कालवत राहिली. मग ती सहज बोलून गेली, की टोपण निघत नाही म्हणून काका उद्या ते कापणार आहेत.

आईचा हात ताटातच थांबला.

“कापू नका म्हणावं. उलटं फिरवा. निघेल.”

पोरीनं आ केला आणि घास येत नाही असं पाहून मिटला.

मग आईनं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. लेकीच्या जन्माआधीची गोष्ट. नवरा कामावर गेला की ती माहेरून आणलेली वडिलांची हत्यारं काढायची. दोन वर्षं लागली. एका सकाळी नवरा ते इंजिन पिशवीत घालून कारखान्यात दाखवायला घेऊन गेला आणि संध्याकाळी फोरमन होऊन आला. येताना तिच्यासाठी नवी कढई आणली. आठवड्यानं म्हणाला, साहेबांना असंच आणखी एक हवंय.

“मी म्हटलं, हात गेला,” आई म्हणाली. “कळ येते, बोटं वळत नाहीत. तेव्हापासून सगळं उजव्यानंच.”

तिला ते फुटलेले कप आठवले. एकेक.

ती म्हणाली की पाटीवर आता आईचंच नाव लागेल, ती आत्ताच काकांना कळवते. आईनं नकारार्थी मान हलवली. कारागीर अज्ञात, असं लिहायला सांग. त्यांचंही नको आणि माझंही नको. माझं लावलंस तर उद्या कारखान्यातले दारात उभे राहतील, आणखी एक करून द्या म्हणत.

तिनं पोरीला जवळ ओढलं आणि मोज्याची गाठ सोडायला घेतली. एवढं तरी तिच्या हातात होतं.

आईनं तिचं मनगट धरलं. डाव्या हातानं. पकड शेगड्यासारखी होती.

“राहू दे ती गाठ,” आई म्हणाली. “तो हात वाईट म्हणून नाही बांधायला लावला. फार चांगला चालतो, म्हणून.”