दुखते

डॉक्टरने सुई पुन्हा टोचली, या वेळी जखमेच्या कडेपासून बोटभर वर. आणि मुखरूने पाय झटक्याने मागे ओढला.

"दुखते ना जी," तो म्हणाला.

दूर मोहाच्या झाडाखाली जमलेली गावची माणसे एकमेकांकडे न पाहता बांध्यांतल्या कापलेल्या धानाच्या खुंटांकडे पाहत राहिली. महारोग्याच्या पायावर निखारा पडला तरी त्याला कळत नाही, हे त्या मुलखात पोराटोरांनाही ठाऊक होते.

झोपडी गावाबाहेर, बोडीच्या, लहानशा तळ्याच्या, काठावर होती. तिच्यापुढे एक चपटा दगड. मुखरूची बायको मनकर्णा रोज सकाळी त्यावर आंबिलीचे मडके ठेवी, आणि ती दूर सरली की तो ते उचली. आजही भरलेले मडके ठेवून ती मागे उभी होती. कालचे रिकामे मडके न्यायचे मात्र राहून गेले होते. गावात कधी नव्हे ती जीप आली होती.

मुखरूच्या नडगीवर, भाजल्याच्या जुन्या पांढुरक्या वणातून, मांस फुलकोबीसारखे उमलून आले होते. वास असा होता की माश्यासुद्धा बसून पुन्हा उडत. डॉक्टरने नाकाला रुमाल लावला नाही.

"हे भाजलं कधी?"

"लहान होतो जी. धानाची जागल करतानी शेकोटीपाशी झोप लागली. धान वाचला, पाय जळला."

"आणि जखम?"

"मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात फुटली. तवापासून इथी आहो." डॉक्टरचा हात पोटरीवरून वर सरकताना पाहून तो हसला. "जपा जी. मले हात लावला, आता तुमालेबी इथीच झोपडी बांधा लागन."

डॉक्टर हसला नाही. त्याची बोटे मुखरूच्या जांघेत, सुपारीएवढ्या कठीण गाठीवर येऊन थांबली होती.

कातडीचा कर्करोग हा गोऱ्या माणसांचा रोग, असे डॉक्टरला महाविद्यालयात शिकवले होते. आपल्या देशात तो लाखांत एखाद्याला, कारण सावळी कातडी उन्हापासून स्वतःची राखण करते. या हिवाळ्यात तो महारोगी मोजायला निघाला, आणि सिंदेवाहीपासून आरमोरीपर्यंत गावांबाहेरच्या झोपड्यांतून त्याला ही फुले दिसत गेली: भाजलेल्या पोटऱ्यांवर, लुगड्याच्या गाठीने जन्मभर घासलेल्या कमरांवर. देशाचा आकडा आता वाढणार होता. माणसे पूर्वीही तितकीच मरत असावीत. दुसऱ्या रोगाच्या नावाने.

त्याने सुई पुसून पेटीत ठेवली आणि मोहाच्या झाडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हा महारोग नाही. कर्करोग आहे, कातडीचा. एकाचा दुसऱ्याला लागत नाही."

"महारोगबी कातडीचाच असते ना जी," झाडाखालून रामाजी पाटील म्हणाला.

"लागत नाही," डॉक्टर पुन्हा म्हणाला. मग आवाज उतरवून, फक्त मुखरूला: "सुरुवातीलाच कोणी दवाखान्यात आणलं असतं, तर गुडघ्याखाली पाय कापून भागलं असतं."

"अन् आता?"

डॉक्टर जीपकडे पाहत राहिला. "नागपूरला नेऊन पाहू."

मुखरूने त्या पाहण्यातून जे समजायचे ते समजून घेतले. थोडा वेळ तो आपल्या पायाकडे, परक्याच्या गुराकडे पाहावे तसा, पाहत बसला.

"आतापर्यंत मले कशात मोजलं होतं जी?"

"महारोग्यांत."

"अन् आजपासून?"

"या रोगात."

"जित्यात कवा मोजसान?"

डॉक्टरने पेटीचे झाकण लावले. ते एकदा नीट बसले नाही, म्हणून पुन्हा लावले.

तेवढ्यात मनकर्णा पुढे आली. दगड ओलांडून ती पहिल्यांदाच अलीकडे येत होती. झाडाखाली कुजबुज उठली आणि विझली. नवऱ्यापुढे येऊन ती थांबली. डोक्यावरचा पदर एका हाताने धरून दुसरा तिने पुढे केला.

"उठा," ती म्हणाली. "घरी चला. डाक्टर म्हणते ना, लागत नाई म्हणून."

मुखरूने तो हात पाहिला. बोटांना राख होती, चुलीची, त्याच्या घरच्या चुलीची. हात त्याने धरला नाही.

"सुकरीची माय," लेकीच्या नावाने बायकोला हाक मारीत तो अगदी हळू म्हणाला, "रातरातभर बोंबलत होतो मी इथी. दुखते, दुखते म्हणून. घरापावतर आयकू येत होतं ना?"

तिचा हात काही क्षण तसाच हवेत राहिला, मग पदराआड गेला. ती वळली. दगडावरचे रिकामे मडके तिने सवयीने उचलले, भरलेले तिथेच राहू दिले, आणि धानाच्या बांधावरून चालू लागली. बोडीवरचा वारा, रोजच्यासारखाच, तिच्या पाठीला लागून पुढे गावाच्या कवेलूंच्या छपरांकडे जात होता.