ताप नव्हताच

"सकाळीच घेतलंत ना रक्त? आता परत कशाला?" सुई घेऊन आलेल्या मुलीचा मी हातच धरला. ह्यांची बायपास झाल्यापासून या हॉस्पिटलात माझा कुणावरही विश्वास उरला नव्हता. वॉर्डातल्या मावशींवर तर मुळीच नाही. परवाच माझ्या पर्समधली डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी गायब झाली होती.

तेवढ्यात डॉक्टर आले. "रक्तातला जंतुसंसर्गाचा आकडा रोज चढतोय. तो अंगभर पसरायच्या आत औषध बदलायला हवं."

"पण ताप कुठाय?" मी तावातावाने म्हणाले. "उद्या घरी सोडणार होतात, आणि आज हा आकडा काढलात!"

"तेच मला खटकतंय. एवढा आकडा आणि अंगात ताप नाही? ताप दाबणारी घरची कुठली गोळी देताय का यांना? डोकेदुखीची वगैरे?"

म्हणजे आता माझ्यावरच संशय! "अहो, सांगा की डॉक्टरांना," म्हणत मी वळले, तर हे चष्म्याचं घर उशीखाली सरकवत होते. मी ते ओढून उघडलं. आत माझीच पट्टी होती, जवळजवळ रिकामी.

"नर्स थर्मामीटर घेऊन यायच्या आधी घ्यायचो," हे पुटपुटले. "ताप दिसला तर सोडणार नाहीत म्हणून. तूच रोज कानाशी म्हणायचीस ना, प्रमिला, या लोकांच्या तावडीतून लवकर सुटा म्हणून?"

मी ह्यांची बाही वर सारली.

"घे बाई रक्त," मी त्या मुलीला म्हणाले. "हवं तेवढं घे."