टाळ्यांचं वाक्य

लेकीचं व्याख्यान ऐकायला वडील पहिल्यांदाच आले होते. "नोकरीसाठी निघाले, तेव्हा घरच्यांनी तोंडावर दार लावून घेतलं," ती तरुण मुलामुलींना सांगत होती. "म्हणून म्हणते, कुणाच्या आधाराची वाट बघत बसू नका!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वडील चपापले. परक्या शहरातली तिची भाड्याची खोली आईनंच घासूनपुसून दिली होती. पंखा त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बसवला होता.

परतताना गाडीत ती हळूच म्हणाली, "बाबा, रागावलात? असं काही सांगितल्याशिवाय पोरांना उभारी येत नाही हो."

"येऊ दे की उभारी," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "फक्त आईला कधी तुझ्या व्याख्यानाला आणू नकोस."