टेकडीपलीकडचा शॉट

"घोडी टेकडीच्या पलीकडं कुठलोक जाईन?" उकंडरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कॅमेऱ्यातून दिसेनाशी झाली की बस, काका," रुपाली म्हणाली.

"अन् पलीकडं थांबवाले कोनी?"

"कोणी नाही. माणूस उभा केला तर शॉटमध्ये येईल."

उकंडराव मान हलवत घोडीकडे गेले. दिग्दर्शकाची सहायक असलेल्या रुपालीला नवल वाटलं. मानधन किती, हे या माणसानं एकदाही विचारलं नव्हतं.

पिंपळगाव राजाजवळच्या उजाड टेकडीवर टीव्हीसाठी काउबॉयची विनोदी प्रेमकथा शूट होत होती. मुंबईचे हिरो-हिरॉईन घोडं पाहूनच घाबरले. मग पळून जाण्याचा सीन लांबून, डमी बसवून घ्यायचं ठरलं. घोडी उकंडरावांची, वरातीतली. हिरॉईनच्या झग्यात त्यांची तेवीस वर्षांची मुलगी मयुरी. हिरोच्या टोपीत शेजारच्या गावचा सागर.

सागरशी उकंडरावांचं सकाळपासून वाकडं होतं.

"लगाम काऊन वढतं बे? बैल हाये का तो?"

"नाही, मामा."

"मामा कोनाले म्हणतं?"

खुर्चीवर बसलेले भागवतराव खूश होऊन हसले. हे उकंडरावांचे थोरले भाऊ. घरात त्यांचाच शब्द. मयुरीचा साखरपुडा त्यांनी येत्या सोमवारचा ठरवला होता. ती नाही म्हणाली होती, पण ते कोणी ऐकलं नव्हतं. तिला शूटिंगला पाठवायलाही ते तयार नव्हते. उकंडरावांनीच समजूत घातली होती, "तुमीच येऊन बसा ना दादा. नजरेसमोर राह्यते पोरगी."

रुपालीनं खोगिराची पिशवी पाहिली. सकाळी ती रिकामी होती, वाऱ्यानं फडफडायची. आता टम्म फुगली होती.

"काय भरलंत, काका?"

"वजन," उकंडराव म्हणाले आणि पट्टा पुन्हा एकदा आवळून पाहिला.

"घोडीची काळजी वाटते?"

"वाटनच ना, मॅडम. हातानं वाढवली."

सागर चढला. मागे मयुरी बसली. उकंडरावांनी तिचा झगा नीट केला आणि घोडीच्या पाठीवर थाप मारली.

"ॲक्शन!"

वरातीत नाचणारी घोडी अशी पळेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. मयुरीची हॅट उडाली, झगा फुगला आणि तिघंही टेकडीआड गेली.

"कट! ओके!"

टाळ्या पडल्या. भागवतरावांनीही वाजवल्या.

धूळ बसली. पलीकडून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात विरला. मग टेकडीवर घोडी दिसली. ती एकटीच सावकाश उतरत होती. पाठीवर कोणी नव्हतं, पिशवीही नव्हती. लगाम पायात येऊ नये म्हणून गाठ मारून वर बांधलेला होता.

भागवतराव उठले तशी खुर्ची उलटली. "उकंडा! पोरगी कुठी हाये?"

उकंडराव खांद्यावरच्या दुपट्ट्यानं घोडीच्या मानेवरचा घाम पुसत होते. त्यांनी भावाकडे पाहिलंच नाही. रुपालीच्या पुढ्यातल्या छोट्या पडद्याकडे बोट दाखवून त्यांनी हळूच विचारलं,

"मॅडम, याच्यात जवळून दिसते म्हणे. जाताना पोरगी हासत होती ना?"