लांबट चाक

सुगंधाबाईच्या सायकलीकडे बघून लटारू हसला नाही, तेव्हाच तिने ओळखलं की आज गडी मनात काहीतरी ठरवून आला आहे. एरवी तो कशालाही हसायचा. दुधाचे कॅन लटकवलेली आपली सायकल त्याने पुलाच्या कठड्याला टेकवली आणि तिच्या पायडलाजवळ उकिडवा बसला.

"बाई, हे चाक तं वाकडं हाये."

"वाकडं नाई, लांबट हाये. पिंकीनं नागपूरवरून आनून बसवून देल्लं."

पिंकी तिची मुलगी, नागपूरला सायकलींच्या दुकानात कामाला. ज्या दातेरी चाकावर चेन फिरते ते चाक तिने बदलून दिलं होतं, आणि नवीन चाक अंड्यासारखं लांबट होतं. सकाळपासून वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने ते वाकल्याची खबर सुगंधाबाईला दिली होती. एक जण तर हातोडा आणायला घराकडे पळालाही होता.

पुलापलीकडे चढ होता आणि दोन्ही बाजूंना जंगल. मागच्या उन्हाळ्यात या चढावर सायकल हाती धरून चालणाऱ्या एका माणसाला वाघाने नेलं. तेव्हापासून सिंदेवाहीला जाणारे सगळे पुलावर जमत, एकदमच निघत आणि माथ्यापर्यंत पाय खाली न टेकवता जाऊ बघत. एक उतरला तर सगळ्यांनी उतरायचं, एकट्याला मागे सोडायचं नाही, हा नियम लटारूनेच घातलेला. अडचण एवढीच की रोज उतरायची ती सुगंधाबाई. चढावरच्या मोहाच्या झाडापाशी तिचा उजवा गुडघा असा ठणकायचा की पायडल मारवत नसे, आणि तिच्यापायी सगळ्यांना जंगलातून पायी जावं लागे.

"आज उतरली तं आमी थांबनार नाई," लटारू चाकाकडेच बघत म्हणाला. "मलेई लेकरं हायेत, बाई. उद्यापासून तू बसनं जात जाय."

तिची मासोळ्यांची ओली टोपली बसमध्ये कोणी चढवू देत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे धंदाच बंद. पण त्याचं चुकलं असंही तिला म्हणता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"नाई उतरत," ती म्हणाली.

लटारूने पायडल उलटं फिरवून पाहिलं. चेन एका जागी ताठ होई, दुसरीकडे जराशी लोंबे. "ढिली हाये. मंधातच पडन," म्हणत त्याने खिशातून पाना काढला.

"हात नको लावू. लांबट चाकाची चेन तशीच राह्यते. ढिल्या जागी कसली का ताठ जागी अडकते."

शिवणकामाच्या दुकानात जाणारी रीता मागे उभी होती. तिने विचारलं, "पन काकू, गोल सोडून हे असं काऊन?"

"पाय पुरा वर आला का माह्या गुडघ्यात कळ निंगते. तिथी हे चाक आखूड पडते, जोर लागत नाई. पाय खाली चालला का लांब पडते, तिथी काढाचा सारा जोर." सुगंधाबाईने टोपलीवरचं ओलं पोतं दाबून बसवलं. "लय वर्साआधी निंगाले होते म्हने असे चाकं. तवा बसवाची तऱ्हाच चुकली, लोकायचे गुडघे दुखले, हासून फेकून देल्ले. आता सुधारून परत आनले."

"फेकलं ते कायले उचलाव," लटारू पुटपुटला आणि सायकलीवर बसला.

सगळे निघाले. लटारू मुद्दाम तिच्या मागे राहिला. चढ लागला तसं तिला ते चाक पायात कळू लागलं. वर येताना हलकं, खाली जाताना जड, जातं ओढताना हाताला लागतं तसं. दर फेऱ्याला चेन खट करायची, आता पडते की काय असं वाटायचं. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तिने दात आवळले आणि नजर रस्त्यावरून हलू दिली नाही.

मोहाचं झाड आलं. गुडघा कुरकुरला, पण रोजची ती जीवघेणी कळ आली नाही. झाड मागे गेलं. रीताने वळून पाहिलं आणि ती हसली. माथा आता समोरच होता.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला.

लटारूचे डोळे सगळा वेळ तिच्या चाकावर होते. रस्त्यातला दगड त्याला दिसलाच नाही. सायकल आडवी पडली होती, दूध उताराने वाहत होतं आणि तो लंगडत कॅन गोळा करत होता.

"जा तुमी," तो मान खाली घालून म्हणाला. "थांबू नका."

सुगंधाबाईची सायकल चालतच होती. आणखी थोडी पायडलं, की पाय न टेकवता ती माथ्यावर पोचणार होती, आणि मग बसचं नाव काढायची कोणाची छाती झाली नसती. आत्ता उतरली तर चढ अर्धवटच राहणार होता. तिने ब्रेक दाबला आणि उतरली. मग रीता उतरली, मग बाकीचे.

"तू काऊन उतरली?" लटारू ओशाळून म्हणाला. "तू तं चढून गेली असती."

"नेम तुहाच हाये," ती म्हणाली.

सगळे त्याच्याजवळ आले. रीताने एक कॅन उचलला. एकमेकांना खेटून, जंगलावर नजर ठेवत ते माथ्यापर्यंत चालत गेले.

माथ्यावर लटारू पुन्हा उकिडवा बसला. या वेळी स्वतःच्या सायकलीपाशी. पडताना त्याची चेन उतरली होती. ती चढवून त्याने काळे झालेले हात गवताला पुसले आणि सायकल बाजूला घेऊन तिला वाट करून दिली.

"उद्या पुढं तूच राह्य, बाई."

सुगंधाबाईने टोपलीची दोरी तपासली आणि सायकलीवर बसली.

"चाल," ती म्हणाली. "इथून उतार हाये. उताराले गोलई चालते."